तान्ह्याच्या पाठीला बाक: वाट बघायची की प्लास्टर घालायचं?

आंघोळीआधी तेल लावताना मालिशवाल्या मावशी थांबल्या. "ह्याची डावी बाजू हाताला उंच लागते गो." आमचं बाळ सात महिन्यांचं होतं. काखेत हात घालून उचललं तरी पाठ सरळ होईना, म्हणून रत्नागिरीत एक्स-रे काढला. तुमच्या हातातही असाच एक्स-रे असेल, तर आधी एक आकडा विचारा.

कण्याचा बाक १० अंशांच्या पुढे गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात, पण नुसत्या अंशांवरून तो वाढणार की जाणार हे कळत नाही. डॉ. मिन मेहता यांनी १९७२ साली दाखवलं, की मणक्याशी दोन्हीकडच्या बरगड्या जो कोन करतात त्यांतला फरक बघायचा. फरक २० अंशांच्या आत असेल तर बाक बहुधा आपोआप सरळ होतो. त्याहून जास्त असेल, किंवा बरगडीचं टोक मणक्यावर आलेलं दिसत असेल, तर तो वाढण्याची भीती खरी. मणकाच जन्मतः वेगळा घडला असेल, तर मात्र हा हिशोब लागू नाही. बाक २० अंशांच्या वर असल्यास मज्जारज्जू बघायला एमआरआयही करायला सांगतात.

फरक कमी असेल तर थांबा. पण थांबणं म्हणजे दर चार-सहा महिन्यांनी एक्स-रे, मागचा फोटो सोबत नेऊन. यात भूल नाही, समुद्रावर नेता येतं, तेल-आंघोळ सुरू राहते. मालिशने कणा सरळ होत नाही, म्हणून पाठ दाबू देऊ नका. धोका एकच: तारीख चुकते, पोर गोड वाढतंय म्हणून कुणी बोलत नाही आणि सहा महिन्यांचं वर्ष होतं.

फरक जास्त असेल तर माझा कौल प्लास्टरला, आणि लवकर. भूल देऊन, खास चौकटीवर बाळाला ताणून, पीळ सोडवत ते घालतात. दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, आणि हे वर्षभर किंवा जास्तही चालतं. आपल्याकडच्या मे महिन्यात आणि पावसाच्या दमट हवेत हे सोपं नाही. आंघोळ बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. वाळू आत गेली तर कातडी सोलवटते. आत काडी किंवा पावडर घालायची नाही. वास आला, उलट्या थांबेनात किंवा श्वास अडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

"पावसाळा जाऊ दे, मग बघू" असं घरात कुणीतरी म्हणतंच. मी ऐकलं नाही. प्लास्टरमध्ये कणा सरळ करते ती बाळाची वाढ, आणि ती पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगवान असते. मेहतांनी २००५ मध्ये १३६ मुलांची माहिती मांडली: सरासरी १९ महिन्यांना सुरुवात झालेल्यांचा बाक गेला, ३० महिन्यांना आलेल्यांचा कमी झाला, पण उरला.

काढता-घालता येणारा पट्टा सोयीचा वाटतो. पण घामाने रडणाऱ्या लेकराचा पट्टा आपणच काढतो, म्हणून वाढत्या बाकासाठी तो मला दुय्यम वाटतो. प्लास्टर संपल्यावर त्याचा उपयोग होतो.

खर्चाची चिंता असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा. पुढच्या उपचारांसाठी ते पाठवतात. आणि मुंबईची गाडी पकडण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा: "तान्ह्या बाळांना ताण देऊन चौकटीवर पाठीचं प्लास्टर तुम्ही नेहमी घालता का?"