उणे ३६ला गाडी सुरू व्हावी म्हणून: ब्लॉक हीटर, त्याची वायर आणि टायमर

कॅनडातल्या विनिपेगला नवीन आलेलं कुणीही पहिल्या हिवाळ्यात हमखास विचारतं, "ताई, इथे सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत का? प्रत्येकीच्या तोंडातून प्लग लोंबतोय." गाड्या पेट्रोलच्याच असतात. तो प्लग ब्लॉक हीटरचा. गेल्या आठवड्यात नाशिकहून आलेल्या एका मुलाने जुनी गाडी घेण्याआधी फोन करून मला याबद्दल खोदखोदून विचारलं, तेव्हा ठरवलं की सहा हिवाळे जी वस्तू वापरतेय तिच्याबद्दल एकदा नीट लिहावं.

मी वृद्धाश्रमात काम करते. सकाळची पाळी पावणेसातला लागते. सहाला घर सोडावंच लागतं आणि जानेवारीत त्या वेळी मिट्ट काळोख असतो. गाडी जुनी, चार सिलिंडरची, रात्रभर उघड्यावर उभी. माझ्याकडचा हीटर ४०० वॅटचा, गाडीबरोबरच आलेला.

तो करतो काय? आपल्याकडे बादलीत सोडतो तो पाणी तापवायचा रॉड आठवा. इंजिनच्या ब्लॉकला बाजूने गोल भोकं असतात आणि त्यात पत्र्याची बुचं ठोकलेली असतात. इथले मेकॅनिक त्यांना फ्रॉस्ट प्लग म्हणतात. त्यातलं एक बूच काढून तिथे हीटर बसवतात, म्हणजे त्याची कॉइल थेट कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवात, बुडते. कूलंट तापतं, त्याबरोबर लोखंड कोमट होतं, ऑइल वाहतं राहतं. रॉडचा नियमही इथे तसाच लागू: कोरडा चालवला की जळाला. म्हणून कूलंट बदलल्यावर पातळी बघितल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

हे लाड नाहीत. उणे ३० मध्ये इंजिनमधलं ऑइल काकवीसारखं होतं आणि ते घुसळायला स्टार्टरला दुप्पट जोर लागतो. नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद, उणे १८लाच, उन्हाळ्यातल्या निम्म्याच्याही खाली आलेली असते. एकीकडे ओझं वाढलेलं, दुसरीकडे बैल थकलेला. हीटर ओझं हलकं करतो. बॅटरी मात्र तो तापवत नाही, त्यामुळे पाच-सहा वर्षं झालेली बॅटरी हीटरच्या भरवशावर ओढत राहू नका. कूलंटही हीटरच्या भरवशावर सोडू नका. निम्मं पाणी घातलेलं कूलंट साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, ते प्रमाण गॅरेजमध्ये तपासून घ्याच.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग, कारण या वस्तूबद्दल मला जे खरोखर सांगायचं आहे ते त्यातूनच शिकले. तिसरा हिवाळा, उणे ३६. रात्री प्लग लावून झोपले होते. सकाळी दार उघडताना रबर कडाकडा सुटलं, सीट फळीसारखी कडक. किल्ली फिरवली तर एकदा "घ्रॅंव" झालं, मग नुसतं टक् टक्, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद मंद होत विझले. मी वेळेवर पोचले नाही म्हणून रात्रपाळीची बाई, सोळा तास उभी असलेली, आणखी दोन तास थांबली. ते मला आजही टोचतं.

शेजारच्या घरातले आजोबा, आयुष्यभर ट्रक चालवलेले, त्यांनी आपल्या गाडीने बॅटरी लावून माझी गाडी सुरू करून दिली. दुपारी ते मीटर घेऊन आले. गाडीच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांना मीटरची टोकं लावली तर काहीच रीडिंग नाही. मग बॉनेट उघडून वायर हीटरपासून सोडवली आणि थेट हीटरच्या टोकांना मीटर लावलं: ३६ ओहम. १२० व्होल्टवर ४०० वॅटच्या हीटरचं एवढंच यायला हवं. म्हणजे हीटर धडधाकट होता. मेली होती ती दोघांमधली वायर. आजोबांनी ती बोटांनी चाचपत आणली आणि पुढच्या जाळीपाशी थांबले. तिथे वरचं रबर अगदी शाबूत होतं, पण वाकवलं की आतून वाळल्या काटकीसारखं करकरत होतं. रोज ओढून, वाकवून आतली तार तुटली होती. किती दिवस, देव जाणे. मी रोज रात्री इमानेइतबारे मेलेल्या वायरीला वीज देत होते.

त्याआधी एका गॅरेजने न तपासताच पूर्ण हीटर बदला म्हणून चारशे डॉलर सांगितले होते. नवी वायर ४५ डॉलरला आली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आत, हीटर चालतोय का ते मी बघते. मीटर नसेल तरी अडत नाही. प्लग लावा आणि बॉनेटला कान लावा. मिनिटाभरात चुलीवरच्या आधणासारखा बारीक सूं आवाज आला की काम झालं. माझे आबा साताऱ्याकडचे, सैन्यात ड्रायव्हर होते, लेहला दोन वर्षं काढलेली. ते सांगायचे, तिथे रात्री दर काही तासांनी उठून गाड्या सुरू करून ठेवायच्या, नाहीतर पहाटे इंजिनखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. मी एकदा व्हिडिओ कॉलवर फोन बॉनेटजवळ धरून त्यांना तो सूं आवाज ऐकवला. बराच वेळ ऐकून म्हणाले, "अगं, किती वॅटचा गं?"

मग त्यांना सांगितलं की याचा एक जुना प्रकार आमच्यापासून अडीच तासांवर, सीमेपलीकडे अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्समध्ये निघाला. अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचा हीटर इंजिनच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, एक बोल्ट काढून त्या जागी बसायचा. फ्रीमन वीज सहकारी संस्थेचा कारभार बघायचा. आपल्याकडे साखर कारखाने सहकारी, तशी तिकडे गावांना वीज सहकारी. आबांना हे फार आवडलं.

टायमरबद्दल. पहिली दोन वर्षं मी रात्रभर प्लग लावून ठेवायचे. गरज नाही. कॅनडा सरकारचा ऊर्जा विभागही सांगतो की निघण्याआधी दोन तास पुरेत. आमच्याकडे युनिट साधारण दहा सेंटला पडतं. दहा तास म्हणजे चार युनिटं, चाळीस सेंट. दोन तासांचे फक्त आठ. चार महिन्यांत टायमरचे पैसे निघून वर उरतात. मी साधा, तबकडीवरच्या पिना दाबून वेळ लावायचा, बाहेर चालणारा टायमर घेतलाय. डिजिटलचा पडदा उणे तिसात इतका सुस्तावतो की आकडे वाचता येत नाहीत. चारला चालू लावते, उणे तिसाच्या खाली गेलं तर तीनला. उणे पंधराच्या वर असेल तर प्लग लावतच नाही. सहाला निघते तेव्हा गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि दुसऱ्या सिग्नलपर्यंत काचेवर गरम वारा येतो. नुसत्या याच कारणासाठी, काच लवकर मोकळी व्हावी म्हणून, मी हीटर लावला असता.

एक्स्टेन्शनवर पैसे वाचवू नका. मी आधी घरातली पांढरी वायर वापरली, ती पहिल्याच कडाक्यात घडीवर तडकली. बाहेरच्या थंडीसाठी मुद्दाम बनवलेली, तीन पिनांची, जाड वायर घ्या. हवी तेवढ्याच लांबीची. ती उणे तिसातही दोरीसारखी गुंडाळता येते.

कामाच्या ठिकाणी पार्किंगमध्ये खांबाखांबाला प्लग आहेत. तिथे वायरीच्या टोकाचा, वीज येतेय हे दाखवणारा दिवा मधेच विझलेला दिसला तर घाबरू नका. बऱ्याच ठिकाणी वीज वाचवायला थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं चक्र लावलेलं असतं.

माझ्या नवऱ्याच्या गाडीला हीटर नव्हता, म्हणून आम्ही आधी लोहचुंबकाने ऑइल पॅनला, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला, चिकटवायचा हीटर आणला. स्वस्त आणि लावायला सोपा, पण आमच्याकडच्या वाऱ्यात अर्धी ऊब हवेतच जाते, आणि पॅन ॲल्युमिनियमचा असेल तर चिकटतच नाही. एका हिवाळ्यानंतर तो काढला आणि २६० डॉलर देऊन, कूलंट आणि मजुरीसकट, ब्लॉक हीटर बसवून घेतला. जुनी गाडी घेत असाल तर टायरच्या आधी प्लग बघा, आणि विकणाऱ्याला तो लावून दाखवायला सांगा.

आणि रात्री प्लग लावलात की वायरीचा एक वळसा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला घाला. सकाळच्या घाईत वायर तशीच ओढत निघालेल्या गाड्या मी आमच्याच गल्लीत दर हिवाळ्यात बघते. आरशाला वळसा असला की दार उघडतानाच हात आधी प्लगकडे जातो.