तज्ञांची साक्ष कोर्टात कशी ऐकली जाते यावरचा ऑनलाइन कोर्स, करावा का?

सहा आठवड्यांचा कोर्स आहे, वकिलांसाठी म्हणून काढलाय पण लॉच्या स्टुडंटनेही करावा असा. पहिले दोन आठवडे नुसत्या व्याख्या आहेत, पळवत बघितले तरी चालतील. खरा कोर्स तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो.

तिथे आम्हालाच ज्युरी बनवलं. डीएनए रिपोर्ट एकच, पण अर्ध्यांना सांगितलं की तिऱ्हाईत माणसाचा नमुना योगायोगाने जुळायची शक्यता दहा लाखात एक, आणि उरलेल्यांना सांगितलं की एक कोटी वस्तीच्या शहरात असे साधारण दहा जण निघतील. गणित तेच ना? पण आमच्या पहिल्या गटात बहुतेक सगळ्यांनी दोषी म्हणून हात वर केला, मी पण केला, आणि दुसरा गट विचारत बसला की मग बाकीचे नऊ जण कुठेत. इतकी वर्षं वकिली करून सुद्धा "जुळायची शक्यता दहा लाखात एक" हे माझ्या डोक्यात "हा निर्दोष असायची शक्यता दहा लाखात एक" असंच शिरलं होतं, आणि ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रॉसिक्युटर्स फॅलसी म्हणतात ती हीच. मला त्या रात्री जुन्या केसेस आठवून झोप लागली नाही, खरंच.

चौथ्या आठवड्यात केसांच्या तपासणीचं प्रकरण आहे. एफबीआयने २०१५ मध्ये कबूल केलं की आरोपीविरुद्ध केसांचा पुरावा वापरलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये त्यांच्या तज्ञांनी विज्ञानाला झेपेल त्याहून जास्त ठाम विधानं केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली दोन केस सारखे दिसले म्हणजे ते एकाच माणसाचे असं होत नाही, पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "जुळतो" म्हणाला की ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ सुचतच नाही. तो शब्द कसा उलटतपासणीत सोडवायचा ह्याचे व्हिडिओ फार छान आहेत, मी दोनदा बघितले.

कमी पडतो तो जजवरचा भाग. अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टांत सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या डॉबर्ट निकालापासून कुठलं विज्ञान ज्युरीपर्यंत जाऊ द्यायचं हे जजनेच तपासायचं असतं, पण प्रत्यक्षात "आधीच्या कोर्टांनी मान्य केलंय" म्हणून तीच जुनी पद्धत पुढे चालू राहते, इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला एकच लेक्चर, तेही घाईत गुंडाळलेलं. मी फीडबॅकमध्ये लिहिलंय की तिथेही तिसऱ्या आठवड्यासारखा सराव ठेवा, आम्हाला जजच्या खुर्चीत बसवा आणि रिपोर्ट हातात द्या.