खिलार वळूची कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी), दारात कृत्रिम रेतन सेवा (दौंड-शिरूर पट्टा, पुणे)

चरणीवर जगणाऱ्या गाईंसाठी ही सेवा घ्यायला हरकत नाही, पण वळूच्या आईची माहिती मागून घ्यावी लागते. दुधाचा आकडा सगळेच सांगतात. आपल्याला हवं असतं दोन वेतांतलं अंतर: १३-१४ महिन्यांत पुन्हा विणारी, वासरू पाजतानाही अंगाने न खंगणारी गाय. ही नोंद नसेल तर स्वस्त कांडीही महागच.

खरी मेख हाताळणीत. कांड्या ज्यात ठेवतात तो द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. कांडी शोधताना ती कंटेनरच्या तोंडाशी रेंगाळली की शुक्रजंतू मरतात आणि खापर गाईवर फुटतं. ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, मग पुसून कोरडी करून लगेच वापर. थर्मामीटर न आणता तळहातावर चोळणाऱ्याला सरळ परत पाठवा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा. वीर्य गर्भाशयमुखाच्या लगेच पुढे सोडायचं, गर्भाशयाच्या शिंगात खोलवर नाही. कांडीवरचा वळू क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर पुढे बापाचीच कांडी लेकीला भरली जाते. २१ दिवसांनी गाय उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, ते बघा. रात्रीचा फोन मात्र इथे कोणी उचलत नाही.