पॅक फॉर अ पर्पज: बॅगेतल्या सव्वादोन किलोंचा हिशेब

प्रवासाला निघताना बॅगेत पाच पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन किलो, जागा राखायची आणि तिथल्या शाळेला किंवा दवाखान्याला लागणारं सामान न्यायचं. ‘पॅक फॉर अ पर्पज’ची योजना एवढीच. अमेरिकेतली ही ना-नफा संस्था २०१० मध्ये सुरू झाली. प्रवाशाला शुल्क नाही.

संकेतस्थळावर ठिकाण निवडलं की सहभागी हॉटेलं, टूर कंपन्या आणि ते मदत करत असलेल्या प्रकल्पांच्या गरजांची यादी दिसते. सामान हॉटेलात द्यायचं, पुढे पोचवण्याचं काम त्यांचं. सेवेचं खरं मोल इथेच आहे. रस्त्यात पेनं-चॉकलेटं वाटली की मुलं पर्यटकांमागे हात पसरायला शिकतात, शिवाय धीट पोराला तीन पेनं आणि बुजऱ्याला एकही नाही. शिक्षकांच्या हातून वाटप झालं की हे टळतं.

सव्वादोन किलोंत ४०० पेन्सिली किंवा हवा काढलेले पाच फुटबॉल आणि पंप, असं संस्था सांगते. फुटबॉलचं गणित जरा काठावरचं आहे: पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, त्यामुळे पंप धरला की काटा पुढे सरकू शकतो. हवा काढताना सुई ओली करून घाला, कोरडी खुपसली तर व्हॉल्व्ह फाटू शकतो. जादा सुया न्याच; त्या सहज वाकतात आणि सुईविना पंप निरुपयोगी.

पेन्सिली मात्र न्यायच्या कशाला? त्या बहुतेक ठिकाणी मिळतात; तिथेच घेतल्या तर दुकानदारालाही चार पैसे सुटतात. बॅगेतली जागा स्टेथोस्कोप, हातपंपाचं रक्तदाब यंत्र अशा वस्तूंना द्यावी.

कच्चा दुवा म्हणजे यादी; ती जुनी झालेली असू शकते. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हॉटेलला ईमेल करून गरज अजून आहे का, पुस्तकं कोणत्या भाषेत हवीत, विजेचा दाब किती, हे विचारा. प्रकल्पाचं पत्रही मागवा: एकाच वस्तूचा ढीग दिसला की कस्टम्सवाल्यांना व्यापाराचा संशय येतो. बिलं हाताशी ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच. औषधं लेखी होकाराशिवाय नेऊ नका.

देताना प्रकल्पाचं नाव आणि वस्तूंची संख्या लिहिलेली चिठ्ठी पिशवीला चिकटवा. काउंटरवरची पाळी बदलली की बिनानावाची पिशवी विसरलेल्या सामानात जाऊन पडते.