बारा ते चार: जांबोटी रस्त्यावरच्या एका शेतघराची परीक्षा

उन्हाळ्याची सहल ठरवणारी माणसं सकाळ ठरवतात आणि संध्याकाळ ठरवतात. मधले बारा ते चार कुणाच्याच कागदावर नसतात. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, म्हणून माझ्या कागदावर ते सगळ्यात वर असतात.

मी बेळगावात, शहापुरातल्या एका पतपेढीत कॅशियर आहे. दर उन्हाळ्यात आमचा स्टाफ, त्यांच्या घरची माणसं आणि ऐनवेळी वाढलेले दोन-चार पाहुणे अशी सहल निघते. नियोजन माझ्या गळ्यात, कारण लोकांकडून पैसे काढायची सवय मलाच आहे असं मॅनेजर साहेबांचं मत. मागच्या वर्षी मी हे काम दुसऱ्याला दिलं होतं. त्यानं धरणाकाठचं एक रिसॉर्ट गाठलं. पोहायचा तलाव, रेन डान्स, डीजे, सगळं होतं. जेवायची जागा मात्र पत्र्याच्या शेडखाली. दुपारी पत्रा तापला, डीजे तापला, भात संपला आणि सासूबाई तीन तास गाडीत एसी लावून बसून राहिल्या. वर्षभर ते ऐकतेय मी. म्हणून यंदा पुन्हा माझ्याकडेच.

आता ज्या जागेविषयी लिहितेय तिचं नाव लिहीत नाही. मालकीणबाईंनीच सांगितलं, "नाव नको घालू गं बाई, आधीच रस्त्यावर गेलं की फोन सुटंना झालाय. पोटापुरती माणसं येतात, बास की." जांबोटीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, मलप्रभेच्या काठानं असलेलं शेतघर एवढंच. ओळखीच्यांनी विचारलं तर तोंडी सांगीन.

तारीख काढणं लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड गेलं. एप्रिलात शाळा सुटतात, खरं तेव्हापासून प्रत्येक रविवारी कुणाच्या तरी घरात लग्न, नाहीतर कुणाच्या तरी गावची यात्रा. मग वैशाख शुद्ध द्वितीयेची आपली शिवजयंती. चित्ररथ मिरवणूक होईपर्यंत आमची निम्मी पोरं मंडळाची, पतपेढीची नाहीतच. दुसऱ्या दिवशी बसवजयंतीची सुटी असते, ती मी सुचवली, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी चित्ररथावर दगड मारलाय. १ मे म्हणावं, तर त्या दिवशी अख्खा जिल्हा बाहेर पडतो. शेवटी मे महिन्यातला दुसरा रविवार ठरला.

जागेवरून आणखी आठ दिवस गेले. नवीन क्लार्कनं गोकाकच्या धबधब्याचं रील दाखवलं. ते पावसाळ्यातलं. मे महिन्यात तिथं ५२ मीटर उंचीचा कोरडा कातळ बघायला मिळतो, पाणी बघायला ऑगस्टात जावं. कुणी आंबोली म्हणालं, तिथलेही धबधबे पावसाळ्याचेच, शिवाय ती महाराष्ट्रात आणि आमच्या गाडीवाल्याची परमिट कर्नाटकापुरती. महाराष्ट्रातला चंदगड तालुका इथून तासाभरावर, तिकडं सोयरीक चालते, टेंपो ट्रॅव्हलर चालत नाही. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ माझं आवडतं, कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. तिथल्या दगडी अंगणात बारा वाजता अनवाणी उभं राहून दाखवा. हलशी हिवाळ्यात. असोगा सुंदर आहे, नदी आहे, रामलिंगेश्वर आहे, पण ती घरून डबे नेणाऱ्यांची जागा, आणि आमच्या बायकांनी यंदा आधीच जाहीर केलं होतं की डबे करणार नाही.

गाडीवरूनही एक सभा झाली. "आम्हाला बस फुकट आहे, मग गाडीला पैसे का भरायचे?" हा प्रश्न आमच्या बायकांनी विचारला आणि तो चुकीचा नव्हता. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना २०२३ च्या जूनमध्ये आली तेव्हापासून आम्ही आधारकार्ड दाखवून खानापूर, धारवाड, सौंदत्ती सगळं हिंडतोय. पुरुषांनी तिकीट काढावं, आम्ही फुकट येतो, जांबोटीला भेटू, इथपर्यंत मजल गेली. पण बस रस्त्यावर सोडणार आणि पुढं सासूबाईंना कोण उचलणार? शेवटी एक सतरा सीटर ट्रॅव्हलर आणि एक क्रूझर केली.

जागा बघायला मी आणि आमचे पिग्मी कलेक्टर (रोज फिरून लोकांची छोटी बचत गोळा करणारे) आधी एका मंगळवारी मुद्दाम दुपारी साडेबाराला गेलो. सगळ्यांना माझा हाच सल्ला आहे. सकाळी नऊ वाजता कुठलीही जागा महाबळेश्वर वाटते. साडेबाराला मी तिथल्या फणसाखाली अर्धा तास नुसती बसले. पिग्मीवाले म्हणाले, "मॅडम, काय बघायलाय?" म्हटलं, सावली हलते कुठं ते बघतेय. तिथं फणस, आंबा आणि जांभूळ यांची झाडं इतकी जवळ आहेत की एकाची सावली सरकली तर दुसऱ्याची येते. खाली सारवलेली जमीन, वर झावळ्यांचा मांडव. पत्रा कुठंही नाही. मी तिथंच पाच हजार ॲडव्हान्स दिला.

सहलीला आम्ही एकतीस जण. चोवीस मोठे, सात पोरं. माणशी ७०० रुपये, पोरांना ४००, त्यात सकाळचा नाश्ता, दोनदा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं. पिरनवाडी सोडली, किणये गेलं, की पोरांनी खिडक्या धरल्या. कुसमळीचा पूल ओलांडेपर्यंत दोघांना उलट्या झाल्या, त्याविषयी जास्त लिहीत नाही. रस्त्याविषयीही लिहीत नाही.

नाश्त्याला उप्पीट आणि शिरा. उप्पीट मोकळं, वर खोबरं, लिंबाची फोड. शिरा ठीक. चहा मात्र असा गोड की चमचा उभा राहील. साहेबांना शुगर आहे, त्यांनी बिनसाखरेचा मागितला तर आला तोही थोडा गोडच. बहुतेक त्या घरात बिनसाखरेचा म्हणजे कमी साखरेचा.

नदीविषयी सविस्तर लिहिते, कारण दर उन्हाळ्यात नदीत बुडून पोरं गेल्याची बातमी आपण वाचतोच. शेतापासून काठ दहा मिनिटांवर. मे महिन्यात मलप्रभा इथं उथळ होते, सपाट दगडांवरून गुडघाभर पाणी. पण वळणावर डोह आहे आणि वरून बघून त्याची खोली कळत नाही. मालकांनी उथळ भागाच्या टोकाला दोर बांधलाय, आणि गावचा एक पोहणारा गडी रबरी ट्यूब घेऊन तिथं बसून असतो. दोराच्या पलीकडं कुणीही नाही. दहाच्या पुढं आणि साडेचारच्या आधी पाण्यात उतरायचं नाही. प्यायलेल्या माणसाला काठावरही येऊ देत नाहीत. आमच्यातल्या एकाला पोहण्याचा अभिमान आहे, तो हुज्जत घालायला लागला. गडी शांतपणे म्हणाला, "येतंय पोवायला, म्हाइत हाय. न येणारा कोण डोहात जात न्हाई." माणूस गप्प झाला. या एका वाक्याला मी पूर्ण गुण देते.

मग बारा वाजले.

जेवणाआधी मालकीणबाईंनी पोरांना काजू भाजून दाखवला. हंगाम संपत आला होता, शेवटच्या बिया होत्या. टरफलातल्या तेलाचा भडका उडतो, त्यानं कातडीवर फोड येतात, म्हणून पोरांना काठीच्या अंतरावर उभं केलं होतं. राखेत घोळवून, फोडून, एकेक गर हातावर. बोंडू खाऊन सगळ्यांच्या जिभा जड झाल्या तो वेगळा कार्यक्रम. मग फणस. हाताला तेल लावून कापा कसा सोडवायचा आणि बरका कसा गिळायचा, हे शहरातल्या सात पोरांना एका बाईनं पंधरा मिनिटांत शिकवलं.

जेवण दोन चुलींवर, दोन वेगळ्या बाजूंना. आमच्यात माळकरी आहेत, लिंगायत आहेत, आणि मटणाशिवाय सहलीला अर्थ नाही म्हणणारे तर आहेतच. शाकाहारी बाजूला ओल्या काजूगरांची आमटी, फणसाची भाजी, ज्वारीची भाकरी, सोलकढी. ओले गर हंगामात जपून ठेवलेले होते, त्यांनीच सांगितलं. ही आमटी या दिवसाचं खरं भांडवल. पलीकडच्या चुलीवरचं मटण तिखट होतं पण मसाल्यात बुडवलेलं नव्हतं. रस्सा पातळ लागला असं दोघांचं म्हणणं, तिघांनी तो चार वेळा घेतला. वाढायला घरच्याच बायका, आणि कुणाला काय हवं ते बघत होत्या. साहेबांच्या मिसेस कन्नड बोलतात, मराठी समजतं पण संकोचतात. मालकीणबाईंनी दुसऱ्याच वाक्याला कन्नड धरलं आणि त्या दोघी संध्याकाळपर्यंत लोणच्याच्या मिठाविषयी बोलत होत्या. मागच्या वर्षी याच बाई दिवसभर मोबाइलमध्ये होत्या.

जेवणानंतर काय केलं? काहीच नाही. घोंगड्या, चटया, दोन बाजली. पुरुषांनी पत्ते काढले, बायका आडव्या झाल्या. सासूबाई बाजल्यावर चंची सोडून बसल्या, पान जमवलं, शेजारच्या घरच्या आजी आल्या, त्यांनाही दिलं. दोघींच्या माहेरच्या गावांमध्ये एक गाव अंतर निघालं. मग त्या घोरायला लागल्या. मी कित्येक सहली काढल्या, पण भर दुपारी माझी सासू घराबाहेर झोपलेली मी पहिल्यांदा बघितली. संगीत नाही, माइक नाही, 'चला आता आपण एक गेम खेळूया' म्हणणारा कुणी ॲनिमेटर नाही. पोरांनी आपली लगोरी मांडली होती, लांब.

आता उणं. संडास दोन आणि माणसं एकतीस. स्वच्छ होते, पाणी होतं, पण दोन्ही भारतीय पद्धतीचे. गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं? आम्ही मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची घरूनच नेली होती, सगळ्यांकडे ती नसणार. मालकांनी एक कमोड बसवावाच, हे मी तोंडावर सांगितलं आणि इथंही लिहिते. जेवायच्या जागेपासून संडासापर्यंतची वाट दगडगोट्यांची आहे, म्हाताऱ्या माणसाला हात धरूनच न्यावं लागतं. हात धुवायला एकच नळ. आणि रेंज नाही. कुठल्याच कंपनीची नाही. तरुण मंडळींना सुरुवातीला जीव गेल्यासारखं झालं.

चारला वळीव आला. आधी कणकुंबीच्या बाजूला आभाळ काळं झालं. पहिला गडगडाट ऐकू आला तसे मालक धावत आले आणि सगळ्यांना झाडांखालून उठवून घरात घातलं. सोप्यात, माजघरात, जिथं जागा मिळेल तिथं एकतीस माणसं. गारा पडल्या, पोरांनी वाट्यांत गोळा केल्या. चाळीस मिनिटांत ऊन पडलं आणि पोरं टॉवेल घेऊन नदीकडं निघाली, तर मालक दारात आडवे. नदी बंद. मलप्रभा उगवते कणकुंबीला, इथून वरच्या अंगाला. तिथं किती पडलाय ते इथं कळत नाही, पाणी मागाहून येतं. पोरं रडली, दोन बापांनी 'पैसे दिलेत की' असा सूर लावला. मालकांनी भज्यांची परात पुढं केली. मिरचीची भजी, चिरमुऱ्याचं भडंग. नदीचे पैसे त्यांनी वेगळे लावलेलेच नव्हते, हे मी बापांना कागद काढून दाखवलं.

निघायच्या वेळी फजिती झाली. बिल १९,६०० रुपये, ॲडव्हान्स जाऊन १४,६०० द्यायचे. मी फोन काढला. रेंज नाही. साहेबांनी काढला. नाही. एका पोराला टेकाडावर पाठवला, तो फोन डोक्यावर धरून उभा राहिला, नाही. मग रोकड काढा म्हटलं. पतपेढीचा अख्खा स्टाफ, रोज लाखांत मोजणारी माणसं, आणि सगळ्यांचे खिसे मिळून निघाले १,७४०. पिग्मीवाल्यांकडं सगळ्यांनी आशेनं बघितलं, तर ते म्हणाले, "रविवारी वसुली नसत्या, मॅडम." मी अर्धमेली झाले. मालकीणबाई हसत होत्या. "द्या की उद्या. पळून जाणार हाय होय? पतपेढी हाय न्हवं तुमची." ते १,७४० पण घेतले नाहीत, वाटेत पोरांना काही लागलं तर म्हणून.

म्हणजे तुम्ही गेलात तर रोकड घेऊन जा. सगळे काही पतपेढीचे नसतात.

गाड्यांचे दोन्ही मिळून ९,००० झाले. मी मोठ्यांकडून हजार आणि पोरांचे सहाशे घेतले होते, त्यात ४०० कमी पडले. ते अजून माझ्याच नावे आहेत, साहेबांनी वाचावं म्हणून इथं लिहिते.

सोमवारी दहाला ऑफिस उघडलं तसे आधी पैसे पाठवले. उत्तर आलं नाही, येणार कसं. घरी मात्र सासूबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं, चंची सापडत नव्हती. मंगळवारी दुपारी मालकांचा रस्त्यावर येऊन केलेला फोन: पैसे पोचले, आणि म्हाताऱ्यांची चंची बाजल्यावर राहिल्या, ती जांबोटीच्या बसच्या कंडक्टरकडं दिलीय, स्टँडवर घ्या. मी गेले. कंडक्टरनं चंची दिली. आत सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी सगळं जागच्या जागी, आणि वरून शेजारच्या आजींनी घातलेली आठ पानं, ओल्या फडक्यात गुंडाळून.