सोलापुरात म्हणे डिझेल गोठलं, साडेनऊ हजाराची टोपी घातली

गाडीवाल्यांनी हे वाचाच, खास करून जे थंडीत सोलापूरच्या मार्केट यार्डाला कांदा घेऊन येतात त्यांनी. जानेवारीतली गोष्ट आहे, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चालू होती, आमचा टेम्पो माल खाली करून रात्रभर हैदराबाद रोडला उभा होता. सकाळी धाकट्या भावानं स्टार्टर मारला तर गाडी चालू झाली, जरा वेळ चालली आणि आचके देऊन बंद. परत मारला, परत तेच. तेवढ्यात शेजारच्या एका शेडमधला मिस्त्री स्वतःहून चालत आला, आम्ही हाकसुद्धा मारली नव्हती, आणि केबिन उचलायच्या आधीच सांगून मोकळा, "मालक, डिझेल जेल झालंय. यंदा लय थंडी हाय बगा."

भाऊ म्हणाला, काय बोललालाव मिस्त्री, सोलापुरात कुठं डिझेल गोठतंय. तर तो म्हणतो, "घरात खोबरेल गोठतंय का नाही? मग हे पण तेलच की." आता यावर पटकन काय बोलणार? मग त्यानं मोबाईलवर लडाखचा व्हिडिओ लावला, ड्रायव्हर लोक टाकीखाली जाळ करून बसलेत. तिकडं असं करतात हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण भावाचं डोकं मोबाईलमध्ये असताना मिस्त्रीचं पोरगं टाकीकडं गेलं आणि पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली घेऊन आलं, आत पांढरट घट्ट लगदा, आडवी केली तरी जागचा हलेना. "हे बगा तुमच्या टाकीतलं."

पुढं मग मीटर चालू. लेबलवर बर्फाचा डोंगर छापलेल्या 'अँटी जेल'च्या दोन बाटल्या, एक १८०० ला. फिल्टर नवीन १४००. लाईन फ्लश आणि पंपाची सफाई ४५००. टोटल ९५०० फोनवरनं घेतले, बिल नाही, आणि पैसे गेले ते भलत्याच नावावर. गाडी मात्र चालू झाली हं, त्यामुळं भाऊ खुशीतच पुण्याकडं निघाला.

मोहोळच्या अलीकडं परत आचके. तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी बाकी काही न विचारता फिल्टरच्या खालच्या वाटीचा स्क्रू ढिला केला आणि खाली डबा धरला. आधी नुसतं पाणी आलं, मग पाणी आणि डिझेल, डब्याच्या तळाला पाण्याचे गोळे वेगळे दिसत होते, सोबत तांबूस गाळ. आणि तो १४०० चा नवीन फिल्टर? जुनाच धुवून वर रंग मारलेला, चाचांनी नखानं खरवडून दाखवला. म्हणजे सोलापुरात त्यानं लाईनमधली हवा काढून दिली, बाकी काही नाही. उरलेल्या बाटलीचं झाकण उघडून चाचांनी वास घेतला आणि हसलेच, रॉकेल! खरा नवीन फिल्टर टाकून, हातपंप मारून गाडी चालू करून दिली आणि सगळे मिळून दोन हजारसुद्धा घेतले नाहीत.

यातली खरी गोम अशी आहे की डिझेल गोठलं काय, फिल्टरमध्ये पाणी साचलं काय, गाडी दोन्हीकडं सारखीच वागते, चालू होते, थोडी चालते, बंद पडते. याच्यावरच त्या माणसाचं दुकान चाललंय. डिझेलमध्ये मेण असतं हे बरोबर, थंडीत त्याचे कण धरतात आणि आधी फिल्टर जाम होतो. पण किती थंडीत? आपल्याकडं आयएस १४६० म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी विकायच्या डिझेलला अट अशी की ६ डिग्रीपर्यंत ते फिल्टरमधनं गेलं पाहिजे आणि ३ डिग्रीपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे. आमची टाकी जानेवारीतच भरलेली. सोलापुरात १२-१३ झालं की लोक कानाला मफलर गुंडाळून शेकोटीला बसतात, ६ पर्यंत इथं सहसा उतरतच नाही! खोबरेलाचं म्हणाल तर ते २४-२५ डिग्रीलाच धरतं, त्याचा डिझेलशी संबंध काय. आणि लडाखवाल्यांना पण बाटल्यांवर सोडलेलं नाही, इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तिकडं उणे ३३ पर्यंत चालणारं वेगळं विंटर डिझेल आणलंय, पानिपतच्या रिफायनरीतलं.

मग तो लगदा कुठला? भाऊ नंतर म्हणाला, दादा ती बाटली हातात धरवत नव्हती इतकी गार होती आणि बाहेरनं घामेजलेली. टाकीतलं डिझेल बाहेरच्या हवेपेक्षा गार कसं असेल? शेडला लागून कोल्ड्रिंकची टपरी आहे, तिथं आइस्क्रीमचा डीप फ्रीजर. मी डोळ्यानं नाही बघितलं, पण डीप फ्रीजरमध्ये साधं डिझेल ठेवलं तर ते तसंच घट्ट होणार.

आम्ही परत जाऊन विचारलं. फिल्टरचे १४०० मुकाट्यानं दिले, वर चहा पण मागवला, पण बाटल्यांचं नाव काढलं की कानावर हात, "गाडी चालू करून दिली हुती की नाय?" ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवलीय, पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडलेत, बघू.

आमची गाडी जुनी म्हणून निभावलं. नव्या बीएस सिक्स गाडीवाल्यांनी तर असलं काही टाकीत ओतूच देऊ नका, रॉकेलला वंगण कमी असतं, कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर गेले की खर्च लाखात जातो. थंडीत टाकी रात्री अर्धी ठेवू नका, आत पाणी धरतं. सकाळी गाडी आचके द्यायला लागली तर आधी फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी येतंय का बघा. आणि कुणी टाकीतलं डिझेल दाखवतो म्हणाला तर मोबाईल खिशात ठेवा, बाटली आपली द्या आणि आपल्यासमोर भरायला लावा.