पॉवर स्टेअरिंगचा ‘ओरिजिनल’ पाइप घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

आमची क्वालिस २००३ची. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकायचं मन होत नाही. २०१८ला आणि २०२३ला पासिंग करून घेतलं. इंजिन अजून खणखणीत आहे, पण पॉवर स्टेअरिंगचा प्रेशर पाइप झिरपायला लागला होता. सकाळी गाडी काढली की फरशीवर लाल तेलाचा डाग दिसायचा.

मेकॅनिक म्हणाला, पाइप आणा, मी बसवतो. कोल्हापुरात स्पेअर पार्टच्या एका दुकानात गेलो. जुना पाइप काढून सोबत नेला होता. दुकानदाराने तो हातात घेतला, आतून एक बॉक्स आणला आणि म्हणाला, “साहेब, आता हा येतच नाही. ओरिजिनलचा शेवटचा पीस आहे.” ४,२०० रुपये सांगितले. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल, म्हणाला. मी कच्च्या पावतीवर भागवलं आणि पैसे यूपीआयने दिले. निघताना त्याने जुना पाइप मागून घेतला, “भंगार आहे, ठेवा इथंच, टाकून देतो.” मी ठेवला.

मेकॅनिकने पाइप बसवला. त्यानंतर पाचव्या आठवड्यात आईला घेऊन रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरताना एका ठिकाणी गाडी बाजूला घ्यायची म्हणून स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. बॉनेटखाली ‘फट्’ असा आवाज झाला आणि पांढरा धूर निघाला. तेल थेट गरम एक्झॉस्टवर उडालं होतं. स्टेअरिंग एकदम दगडासारखं झालं. ते लॉक होत नाही, चाकं वळतात, पण दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढावं लागतं. वेग कमी होता म्हणून कठड्याच्या अलीकडे थांबलो. आईला आधी खाली उतरवलं. ते तेल पेटतं, आणि त्या दिवशी ते पेटलं नाही, एवढंच आमचं नशीब.

गाडी टो करून कोल्हापुरात आणली. मेकॅनिकने फाटलेला पाइप हॅकसॉने उभा चिरला आणि मला जवळ बोलावलं. रबराच्या आत विणलेल्या धाग्याचा एकच विरळ थर, तोही नखाने सुटत होता. लोखंडी टोकावर काळा रंग होता, तो स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर खाली गंजाचे खड्डे दिसले. ज्या पत्र्याच्या टोपीत रबर दाबून बसवतात, तिच्यावर ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा होत्या. म्हणजे कुणाच्या तरी गाडीचा जुना पाइप. टोकं तीच ठेवून मधलं रबर बदललेलं, आणि तेही कमी दाबाच्या रिटर्न पाइपच्या लायकीचं.

हा फरक मला आधी माहीत असता तर मी तो बॉक्स हातात धरला नसता. पॉवर स्टेअरिंगला दोन पाइप असतात. रिटर्न पाइप तेल टाकीत परत नेतो, त्यावर दाब नावालाच. प्रेशर पाइप पंपातून निघतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की त्यातला दाब सत्तर-ऐंशी बारपर्यंत सहज जातो. टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीसपट, शिवाय तेल कढत. दोन्हीचं रबर बाहेरून सारखंच काळं दिसतं. चांगल्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, लांबीच्या दिशेने छापील अक्षरं असतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे-१८८ हे प्रेशर होजचं मानक आहे आणि जे-१८९ रिटर्नचं. माझ्या पाइपवर एकही अक्षर नव्हतं.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, रबरच्या मालाला गॅरंटी नसते, आणि पावतीवर पार्ट नंबर कुठाय? खरंच नव्हता. ‘एस. पाइप १ नग’ एवढंच लिहिलेलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, यूपीआयचा पुरावा जोडला. काही दिवसांनी त्याने ४,२०० रुपये परत केले. तेल संपल्यावर कोरडा फिरलेला पंप खराब झाला होता, त्याचा आणि टोइंगचा खर्च मात्र माझ्याच अंगावर पडला.

आताचा पाइप मी शिरोली एमआयडीसीत करून घेतला. तिथे हायड्रॉलिक (दाबाच्या तेलाचे) होज क्रिम्प करून, म्हणजे टोपी दाबून टोकं बसवून, देणारे आहेत. पण त्यांनाही नीट सांगावं लागतं, नाहीतर जेसीबीचा कडक होज लावून देतात. तो दाब सोसतो, पण नीट वाकत नाही, आणि पंपाची घरघर स्टेअरिंगपर्यंत येते. मी मापाची गंज नसलेली टोकं दिली, पॉवर स्टेअरिंगचाच होज मागितला, समोर उभं राहून क्रिम्प करून घेतला आणि प्रेशर टेस्ट केल्याशिवाय हलवला नाही. पाइप ज्या पोकळ बोल्टने जोडतात, त्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घातले. जुने वॉशर परत वापरले की तिथूनच पुन्हा झिरपतं.

एक गोष्ट मला अजून खाते. माझा स्वतःचा जुना पाइप मी त्याच दुकानात सोडून आलो. तो फक्त झिरपत होता, त्याची टोकं चांगली होती. आता त्यालाही रंग लागून तो बॉक्समध्ये गेला असेल, नाहीतर कुणाच्या तरी क्वालिसमध्ये बसला असेल. अलीकडे तुम्ही असा ‘शेवटचा पीस’ घेतला असेल, तर घाटात जायच्या आधी बॉनेट उघडा, रबरावर अक्षरं आहेत का बघा आणि टोकावरचा रंग नखाने खरवडून पाहा.